प्रलय की पंचनामा?

मागील उन्हाळ्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक व्याख्यान झाले. वक्ते तरुण होते, विद्वान होते, आणि वक्तृत्वाची देणगीही त्यांस होती. मनुष्याहून अधिक बुद्धिमान यंत्र आता लवकरच निर्माण होणार. ते आपल्याहून सरस यंत्र स्वतःच घडविणार. आणि मग एक तर मनुष्यजातीचा अंत होणार, नाही तर रोग, दारिद्र्य व मृत्यू या तिघांचा अंत होणार, मधला मार्ग नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. व्याख्यान संपताच पहिल्या रांगेतील एक वयोवृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "यात नवे ते काय सांगितलेत? युगान्ताची ही सारी लक्षणे आमच्या पुराणांत केव्हाच लिहून ठेवली आहेत." सभेत टाळ्या पडल्या. नवल हे की, वक्त्यांनीही हसून टाळ्या वाजविल्या. एक जण भविष्याच्या नावाने बोलत होता, दुसरा भूतकाळाच्या. परंतु दोघांचे अगदी सहज जमून गेले.

घरी परतताना आमचा एक विद्यार्थी बरोबर होता. आपल्या तालुक्यातील जुन्या शाळांच्या इतिहासावर तो एक प्रबंध लिहीत आहे. बराच वेळ मुकाट्याने चालल्यावर तो म्हणाला, "सर, दहावीस वर्षांत हे असेच व्हावयाचे असेल, तर मी हा प्रबंध लिहून उपयोग काय?" आम्ही काही तरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. शिक्षकाच्या धंद्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसाने अशा प्रश्नाला बगल द्यावी, याची आम्हांस त्या रात्री लाज वाटली. प्रस्तुत लेख हे त्या रात्रीचे राहिलेले उत्तर होय.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. यंत्रांच्या प्रगतीकडे जगाच्या अंताच्या चष्म्यातून पाहण्याची जी सवय आज सुशिक्षितांत बळावत आहे, तिला लोक दूरदृष्टी समजतात. आम्ही तिला भक्ती समजतो. भीतीची भक्ती असो की आशेची, तिच्यात यंत्र देवाच्या जागी बसते आणि माणूस प्रेक्षकाच्या. प्रलयवादी आणि सत्ययुगवादी हे जुळे भाऊ आहेत. जे प्रकरण पंचनाम्याने उलगडावयाचे, ते हे दोघे पुराणिकाच्या हवाली करतात. आणि पुराणिक कितीही रसाळ असला, तरी गुन्हेगार कोण हे त्याच्या कथेतून कधीच कळत नाही.

ही सवय आजची नाही, आणि ती अडाणी लोकांनी लावलेलीही नाही. आधुनिक विज्ञानाचा अग्रदूत म्हणून ज्याला आपण कॉलेजात शिकविले गेलो, त्या फ्रान्सिस बेकनच्या १६२० सालच्या महाग्रंथाचे मुखपृष्ठ पाहावे. हर्क्युलिसच्या दोन स्तंभांमधून एक गलबत अफाट समुद्रात चालले आहे, आणि खाली लॅटिन भाषेत बायबलातील दानिएलच्या पुस्तकातील एका भाकिताचे शब्द कोरले आहेत. शेवटच्या काळात पुष्कळ लोक इकडून तिकडे फिरतील आणि ज्ञान वाढेल, असा त्या भाकिताचा आशय आहे. बेकनने त्याचा अर्थ असा लावला की, जगाचे पर्यटन आणि ज्ञानाची वाढ ही एकाच युगात घडावीत अशी ईश्वरी योजना आहे, आणि ते युग म्हणजे आपलेच. सारांश, यंत्रयुगाच्या पहिल्याच पानावर युगान्ताची मोहोर उमटलेली आहे. बेकनला त्यात भीती नव्हती, आशा होती. परंतु त्या एकाच भाकितातून पुढे भीतीही निघाली आणि आशाही निघाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच दानिएलच्या पुस्तकावरून गणित मांडून अमेरिकेतील विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ काढला, आणि त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. हजारो लोक त्या दिवसाची वाट पाहत राहिले; कित्येकांनी शेतातील उभे पीक कापले नाही, कारण पुढचा हिवाळा येणारच नव्हता. तो दिवस गेला, हिवाळा आला, आणि त्या दिवसाला अमेरिकेच्या इतिहासात 'महान निराशा' हे नाव पडले. त्याच देशात, त्याच वर्षी, म्हणजे २४ मे १८४४ रोजी, मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारायंत्राने पहिला जाहीर संदेश पाठविला. आणि तो संदेशही बायबलातीलच एक वचन होते, ईश्वराच्या करणीचे आश्चर्य व्यक्त करणारे. एका बाजूस जग संपण्याची वाट पाहणारे, दुसऱ्या बाजूस जग जवळ आणणारे, आणि दोघांच्या तोंडी एकच धर्मग्रंथ!

आता या तारायंत्राचीच पुढील हकीकत पाहा, कारण आमच्या मथळ्यातील दोन्ही शब्दांचा अर्थ तीत स्वच्छ दिसतो. १८५८ च्या ऑगस्टात अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेतून व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांस पोहोचला. दोन्ही किनाऱ्यांवर उत्सव झाले. आता राष्ट्राराष्ट्रांत गैरसमज उरणार नाहीत, युद्धे थांबतील, मानवकुटुंब एक होईल, अशी प्रवचने झडली. सुमारे तीन आठवड्यांत तार मुकी झाली. तीन वर्षे उलटली नाहीत तोच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. सत्ययुग असे आले आणि असे गेले. परंतु तारेचे काय झाले? इंग्लंडात एक चौकशी-समिती बसली. तिने साक्षी घेतल्या, तारेचे तुकडे तपासले, वेष्टनातील दोष पाहिले, कंपनीच्या विद्युत्-तज्ज्ञाने संदेश जोराने जावा म्हणून तारेत नको इतका दाब सोडला होता हे उघड केले. विजेच्या मोजमापाची एकके अचूक ठरविण्याच्या कामालाही या अपयशाने जोर आला. १८६६ साली नवी तार पडली, आणि ती चालली. प्रवचनांनी एक इंच तार दुरुस्त झाली नाही. ती पंचनाम्याने दुरुस्त झाली.

येथे कोणी म्हणेल, तार तुटणे निराळे आणि अणुबॉम्ब निराळा. बॉम्बच्या बाबतीत तरी प्रलयाची भाषा यथार्थच नाही काय? हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहू. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. त्या क्षणी आपणांस भगवद्गीतेतील विश्वरूपदर्शनाची आठवण झाली, असे ओपेनहायमरने पुढे १९६५ साली दूरचित्रवाणीवर सांगितले, आणि ते दृश्य आता जगप्रसिद्ध झाले आहे. ओपेनहायमर १९३० नंतरच्या दशकात बर्कले येथे आर्थर रायडरपाशी संस्कृत शिकला होता. गीता त्याने मुळातून वाचली होती. आपल्याकडील सुशिक्षितांस या गोष्टीचा केवढा अभिमान! जणू बॉम्बने गीतेला प्रशस्तिपत्र दिले. आम्ही स्वतः ऐन विशीत या अभिमानाने फुगलो होतो, हे कबूल करतो.

परंतु त्या आठवणीने काय झाकले गेले ते पाहा. अकराव्या अध्यायात काळ स्वतः बोलतो. योद्धे त्याने आधीच मारलेले आहेत. अर्जुनाने केवळ निमित्त व्हावयाचे आहे. आता वाळवंटातून वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांकडे या. तेथे काळपुरुष कोठेच नाही. तेथे समित्या आहेत. बॉम्ब कोणत्या शहरावर टाकावा हे ठरविण्यासाठी १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यांत एक समिती बसली होती. तिच्या यादीत क्योटो होते. युद्धमंत्री स्टिमसनने ते हट्टाने काढावयास लावले, आणि क्योटो वाचले. ९ ऑगस्टला विमान निघाले होते कोकुरावर. तेथे ढग-धुराने निशाण दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. शिलार्डने राष्ट्राध्यक्षांसाठी एक अर्ज लिहिला, त्यावर सत्तर शास्त्रज्ञांनी सह्या केल्या, आणि तो अर्ज अध्यक्षांच्या हाती पडलाच नाही. ही सारी माणसांची कामे आहेत: यादीत नाव घालणे, नाव खोडणे, कागद पुढे पाठविणे, कागद दडपून ठेवणे. क्योटो वाचविणारी पेन्सिल माणसाच्या हातात होती, म्हणजे दुसरी शहरे यादीत ठेवणारीही माणसाच्याच हातात होती. या सर्वांवर विश्वरूपाचा शेला पांघरला की कोणाचीच सही दिसत नाही.

आणि ज्या गीतेच्या नावाने हे घडले, तिच्याविषयी आमच्या लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात बसून काय प्रतिपादन केले? १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'चा सारा रोख असा की, गीता कर्म टाकावयास सांगत नाही, आणि कर्म करताना बुद्धी गहाण ठेवावयासही सांगत नाही. कार्य कोणते व अकार्य कोणते याचा निर्णय कर्त्यानेच शुद्ध बुद्धीने करावयाचा आहे. निमित्त होण्याच्या उपदेशाचा अर्थ जबाबदारीतून मोकळीक असा लावणाऱ्याने सतरा अध्याय सोडून एकच श्लोक वाचला, असे आम्हांस वाटते.

प्रलयाच्या भाषेतील हा पोकळपणा प्रलयाच्या घड्याळानेच उत्तम दाखविला आहे. अमेरिकेतील अणुशास्त्रज्ञांच्या एका नियतकालिकाने १९४७ साली आपल्या मुखपृष्ठावर एक घड्याळ छापले. मध्यरात्र म्हणजे सर्वनाश, आणि काटा मध्यरात्रीला सात मिनिटे कमी दाखवीत होता. १९९१ साली तो काटा मध्यरात्रीपासून सतरा मिनिटांवर मागे गेला. २०२५ च्या जानेवारीत तो मध्यरात्रीपासून ८९ सेकंदांवर आला. घड्याळ म्हटले की काळ आपोआप पुढे सरकणार, हे मनात ठसते. परंतु १९९१ साली काटा मागे का गेला? कारण शीतयुद्ध ओसरले, आणि दोन महासत्तांनी अस्त्रे कमी करण्याच्या करारावर सह्या केल्या. सह्यांनी ज्याचा काटा मागे जातो, त्याला घड्याळ म्हणणेच चूक आहे; ते एक खतावणीचे पान आहे, आणि त्यातील जमाखर्च माणसांचा आहे.

आता आमच्या व्याख्यात्यांच्या विषयाकडे वळू. यंत्रबुद्धीचे हे पुराण तसे बरेच जुने आहे. १९६५ साली आय. जे. गुड या गणितज्ञाने लिहिले की, मनुष्याहून बुद्धिमान असे पहिले यंत्र हा मनुष्याला लावावा लागणारा शेवटचा शोध ठरेल. १९९३ साली व्हर्नर विंजी याने सांगितले की, तीस वर्षांच्या आत अतिमानवी बुद्धी निर्माण करण्याची साधने हाती येतील, व त्यानंतर थोडक्याच काळात मानवयुग संपेल. रे कुर्झवाइलने २००५ साली ग्रंथ लिहून २०४५ हे साल नेमून दिले. त्याच्या मते मात्र त्या साली अंत व्हावयाचा नाही, यंत्राशी एकरूप होऊन मनुष्याला आपल्या मर्यादांतून सुटका मिळावयाची आहे. मिलरचा दिवस आणि कुर्झवाइलचे साल यांत तपशिलाचा फरक आहे, घाट एकच आहे. तारीख आहे, तिच्यामागे गणित आहे, त्या तारखेनंतर इतिहास नाही, आणि तोवर आपण करावयाचे एवढेच की विश्वास ठेवावा.

२०२३ च्या मे महिन्यात एक नवल घडले. यंत्रबुद्धीमुळे मनुष्यजात नामशेष होण्याचा धोका महामारी व अणुयुद्ध यांच्या पंक्तीचा मानून तो टाळण्यास अग्रक्रम द्यावा, अशा आशयाचे एका वाक्याचे पत्रक निघाले. त्यावर नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. त्यांत काहींची तळमळ खरी होती याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ही यंत्रे बांधणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या मुख्य चालकांच्या सह्याही त्यावर होत्या! सह्या करून ही मंडळी आपापल्या कचेरीत गेली आणि तीच यंत्रे आणखी मोठी बांधू लागली. वाचकांनी क्षणभर विचार करावा. गावातील दारूगोळ्याचा कारखानदार चावडीवर येऊन म्हणतो, "माझ्या कारखान्याने सारा गाव उडण्याचा संभव आहे," आणि परत जाऊन दुसरी पाळी सुरू करतो. गाव काय करील? पाटील त्याच्या कोठारांची तपासणी करील, कुलपे ठोकील, जाबजबाब घेईल. परंतु हाच मनुष्य कारखानदाराचा वेष टाकून भविष्यवाद्याच्या सुरात बोलू लागला, तर गाव हात जोडून बसतो. एवढे जग बुडविण्याची ज्याच्या मालात शक्ती, तो माल किती थोर असला पाहिजे! प्रलयाची घोषणा ही कित्येकदा मालाची जाहिरात असते.

आणि या भव्य भयाच्या सावलीत लहान, खरी संकटे दिसेनाशी होतात. इंग्लंडमधील टपालखात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत हिशेबाची एक संगणकप्रणाली बसविली. ती चुकत होती. हिशेबात खोटी तूट दिसे, आणि तूट दिसली की शाखेचा चालक चोर ठरे. २०१५ पर्यंत नऊशेंहून अधिक माणसांना शिक्षा झाल्या. कोणी तुरुंगात गेले, कोणाची घरे गेली, काहींनी जीव दिला. २०१९ साली न्यायालयाने यंत्राचे दोष मान्य केले, आणि २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. त्या यंत्रात अतिमानवी बुद्धी नव्हती. साध्या बेरीज-वजाबाकीतही ते अडखळत होते. अनर्थ घडला तो यंत्र चुकत नाही या अधिकाऱ्यांच्या श्रद्धेमुळे. आपल्याकडे आयुष्यभर भांडी घासून ज्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिचा ठसा रेशनच्या दुकानातील यंत्र ओळखत नाही, आणि दुकानदार म्हणतो, "आजी, यंत्र नाही म्हणतंय, मी काय करू?" त्या आजीचा प्रलय त्याच दिवशी, त्याच खिडकीपाशी होतो. तिला २०४५ ची वाट पाहावी लागत नाही.

परकीयांची उणी काढून थांबणे हा आपल्याकडील लेखकांचा जुना रोग आहे. तो आम्हांस टाळावयाचा आहे. पहिल्या रांगेतील त्या वृद्ध गृहस्थांची विचारसरणी निरुपद्रवी नाही. मुळात त्यांचे गणितच चुकते. शास्त्राप्रमाणे कलियुग ४,३२,००० वर्षांचे. त्याचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये. म्हणजे पाच हजार वर्षांहून थोडी अधिक सरली आणि सव्वाचार लाखांहून अधिक उरली. घरोघरी पूजेच्या संकल्पात भटजी कलीचा पहिलाच चरण सांगतात. यजमान मात्र ताटावर बसला की युगान्ताची लक्षणे मोजू लागतो!

पण ही लक्षणे तरी कोणती? महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेयाने आणि पुढे पुराणांनी युगान्ताच्या याद्या दिल्या आहेत. त्यांत दुष्काळ आहेत, राजांचा लोभ आहे. परंतु त्याबरोबर शूद्र उपदेश करू लागतील, स्त्रिया पतीचे ऐकणार नाहीत, वर्णांचा क्रम उलटा होईल, हेही आहे. यादी करणाऱ्याला जगाच्या अंताइतकेच आपल्या आसनाच्या अंताचे भय होते, हे उघड आहे. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सनातनी मंडळींना धर्म बुडालेला दिसला. बुडाली होती फक्त त्यांची मक्तेदारी. म्हणून कोणी प्रलयाची लक्षणे सांगू लागला, की आम्ही प्रथम हे पाहतो की, या यादीने कोणाची खुर्ची हलते.

कलियुगाचा दुसरा उपयोग याहून वाईट आहे. तो म्हणजे क्षमापत्राचा. पूल पडला, कलियुग आहे. परीक्षेचे पेपर फुटले, कलियुग आहे. एवढे म्हटले की पोटातील चीड शांत होते, आणि पूल बांधणारा ठेकेदार दुसऱ्या पुलाचे कंत्राट घेतो. या बाबतीत महाराष्ट्राच्या इतिहासात एक जोडी अशी आहे की, ती प्रत्येक शाळेत शिकविली पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले, आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. पेठांतील वाडे कोसळले, पिढ्यांचे संसार वाहून गेले. या जलप्रलयाचे भाकीत कोणत्याही पंचांगात नव्हते. त्याची कारणे मात्र होती: धरण पुरे होण्याआधीच त्या पावसाळ्यात पाणी अडविण्याची घाई, आणि धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याच्या अपुऱ्या मार्गाच्या काँक्रीटात न घातलेल्या सळया. त्यानंतर सात महिनेही झाले नाहीत तोच, १९६२ च्या फेब्रुवारीच्या आरंभी, मकर राशीत अष्टग्रही आली. देशभर घबराट झाली. होम पेटले, तूप जळले, मोठमोठ्या मंडपांत शांतिपाठ झाले. ग्रह आपल्या वाटेने निघून गेले. काही झाले नाही. ज्या सळया नव्हत्या त्यांच्याकडे वेळेवर पाहण्यास माणूस मिळाला नाही, आणि जे ग्रह निरुपद्रवी होते त्यांच्यासाठी टाळ्यांवर टाळ्या आणि तुपाचे डबे! आजचे सुशिक्षित अष्टग्रहीला हसतात. त्यांनी २०४५ ला नवा मंडप घातला आहे, एवढाच फरक.

भोपाळचेही तेच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा तो साठा थंड ठेवणारे यंत्र बंद होते आणि वायू जाळून टाकणारा मनोरा कामात नव्हता. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून हे संकट लिहून लिहून सांगितले होते. तो भविष्यवादी नव्हता. तो कारखान्याचे कागद वाचीत होता. भविष्यवाद्याला टाळ्या मिळतात, कागद वाचणाऱ्याला उत्तरही मिळत नाही. आमची तक्रार नेमकी ही आहे.

मग संकटे खरीच नसतात काय? असतात, आणि जितके संकट मोठे, तितकी ही भाषा अधिक घातक. १ जानेवारी २००० ची गोष्ट घ्या. जागा वाचविण्यासाठी जुन्या संगणकांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. त्यामुळे २००० उजाडताच यंत्रे त्याला १९०० समजतील, असा धोका होता. अमेरिकेत काही धर्मोपदेशकांनी त्यात युगान्त पाहिला. लोकांनी तळघरांत डबाबंद अन्न भरले. दुसरीकडे हजारो माणसे, त्यांत आपल्या देशातील असंख्य तरुण मुलेमुली, वर्षानुवर्षे जुन्या प्रणालींची एकेक ओळ वाचून ते आकडे दुरुस्त करीत बसली. ती रात्र शांततेत गेली, आणि लोक म्हणाले, "पाहा, उगाच भीती घातली होती!" ज्यांनी काम केले त्यांचे नाव ना भिणाऱ्यांनी घेतले, ना हसणाऱ्यांनी. प्रलयाच्या कथेत कारकुनाला पात्रच नाही.

२६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत रशियाच्या उपग्रहयंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याची वर्दी दिली. पहाऱ्यावर स्टॅनिस्लाव्ह पेट्रोव्ह नावाचा अधिकारी होता. पाचच अस्त्रांनी कोणी महायुद्ध सुरू करीत नाही, असा त्याने विचार केला, आणि वर्दी खोटी असल्याचे वर कळविले. ढगांवरील सूर्यप्रकाशाने यंत्र फसले होते. अंतकाळ आला आहे अशी ज्याची श्रद्धा, तो मनुष्य त्या खुर्चीवर असता तर? जगाचे रक्षण त्या रात्री एका साध्या शंकेने केले. आकाशातील ओझोनच्या थराचेही तसेच. १९७४ मध्ये धोका सांगितला गेला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील खिंडार मोजले गेले, १९८७ मध्ये माँट्रियल येथे करार झाला, घातक वायूंचे उत्पादन थांबत गेले, आणि तो थर सावकाश भरून येत आहे. यात ना अवतार होता, ना शंखनाद. मोजमाप होते आणि सह्या होत्या.

तेव्हा आमचा आग्रह एवढाच आहे. कोणतेही नवे यंत्र दारी आले, की ते जग बुडविणार की तारणार, हा प्रश्न बाजूस ठेवावा. ते कोणी बांधले, कोणाच्या पैशाने, त्यात काय घातले आणि काय गाळले, ते चुकले तर दाद कोणापाशी मागावयाची, आणि त्याचे बटण बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हे पाच प्रश्न विचारावेत. हाच त्या यंत्राचा पंचनामा. ज्या यंत्राचा धनी या पाचांची उत्तरे देत नाही आणि त्याऐवजी युगांतराच्या गोष्टी सांगतो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

आणि आता आमच्या विद्यार्थ्याला. बाबा रे, तू आपला प्रबंध लिही. शाळांची जुनी दप्तरे वाळवीने खाण्याआधी उघड. कोणत्या मुलाला वर्गात बसविले आणि कोणाला ओसरीवर, हजेरीपटावर कोणाचे नाव चढले आणि कोणाचे खोडले, हे पाहून नीट लिहून ठेव. त्या प्रत्येक नोंदीमागे एक हात आहे. २०४५ साली जग असेल की नसेल हे ना व्याख्यात्यांस ठाऊक, ना आम्हांस. परंतु ते असले, तर त्या वेळच्या माणसांना आपल्यामागे कोणाचे हात होते हे कळले पाहिजे. आणि ते त्यांना यंत्र आपण होऊन सांगणार नाही. पुढच्या सोमवारी पहिले प्रकरण घेऊन ये. आम्ही ते तांबड्या शाईने वाचणार आहो.